हवापालट : महाबळेश्वर-पाचगणीच्या इतिहासाचे एक पान

शाळांच्या परीक्षा आटोपून मे महिना उजाडला, की आपल्या अनेक कुटुंबांत महाबळेश्वर-पाचगणीचा विषय निघतो. चार दिवस थंड हवेत काढावेत, स्ट्रॉबेरी खावी, वेण्णा तलावात नाव वल्हवावी, टेबललँडवर मुलांना घोड्यावर बसवावे आणि ताजेतवाने होऊन घरी परतावे, एवढीच साधी अपेक्षा असते. ‘हवापालट’ हा शब्द आपण आज याच अर्थाने वापरतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र हा शब्द मुख्यत्वे डॉक्टर-वैद्यांच्या तोंडचा होता. ज्या रोगावर औषध नव्हते त्या रोगावरचा तो अखेरचा उपाय होता, आणि तो ऐकताना घरच्यांच्या पोटात गोळा येई.

सातारा जिल्ह्यातील या डोंगराचा इतिहास आपण सहसा राजे, गव्हर्नर आणि पॉइंट यांच्या नावांनी वाचतो. प्रस्तुत लेखात तो निराळ्या अंगाने पाहावयाचा आहे. येथील निरोगी हवा कोणाला लाभली, कोणाच्या श्रमावर लाभली, आणि ज्यांना तिची खरी निकड होती त्यांच्यापर्यंत ती कोणी पोहोचविली, हे प्रश्न मनात ठेवून या डोंगराकडे पाहिले असता त्याचे निराळे रूप दिसू लागते.

पाच नद्यांचे माहेर

सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर महाबळेश्वर वसले आहे. येथून अरबी समुद्र सरळ रेषेत अवघ्या पासष्ट किलोमीटरांवर आहे. आर्थर सीट किंवा बॉम्बे पॉइंट येथे उभे राहिले, की पायाखाली एकदम कोकण उघडते. नैऋत्येकडून येणारे ढग या कड्यावर आदळतात, वर चढताना थंड होतात आणि आपले बहुतेक पाणी येथेच रिते करतात. म्हणून महाबळेश्वरी वर्षाकाठी सरासरी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला अठरा-एकोणीस किलोमीटरांवर असलेल्या पाचगणीत त्याच्या एक तृतीयांशही पडत नाही. घाट उतरून वाईस यावे तो पाऊस आणखी कमी झालेला असतो, आणि माण, आटपाडी, जत या भागांत तर वर्षभरात ५०० मिलिमीटरांच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. एकाच ढगाने एकाला भरभरून द्यावे आणि दुसऱ्याला थेंबासाठी तिष्ठत ठेवावे, असा हा प्रदेश आहे.

जुन्या क्षेत्र महाबळेश्वरी कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. सावित्री पश्चिमेकडे उतरून महाडवरून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेकडे वळून सुमारे १,४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात विसर्जित होते. इंग्रज येण्यापूर्वी शेकडो वर्षे लोक या डोंगरावर येत होते, परंतु ते हवेसाठी नव्हे, तर पाण्याच्या उगमाशी नतमस्तक होण्यासाठी. त्या यात्रेकरूंना थंडीचे कौतुक नव्हते. पावसाळ्यात तर या डोंगराची त्यांना धास्तीच वाटत असावी. डोंगर तोच राहिला, पण त्याच्यापाशी काय मागावयाचे, हे मात्र काळानुसार बदलत गेले.

भूमध्य समुद्राचा किनारा आणि सह्याद्रीचा माथा

हवेसाठी प्रवास करण्याची ही कल्पना युरोपातून आली. भूमध्य समुद्र आपल्याला संत पौलाच्या प्रवासांमुळे परिचित आहे. त्याच समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या फ्रान्स आणि इटलीच्या सीमेलगत, नीस व मेंतों ही गावे आहेत. पाठीशी आल्प्स पर्वत उभा असल्यामुळे उत्तरेचे बोचरे वारे तेथे अडतात. उन्हाळा कोरडा, हिवाळा सौम्य, पाऊस काय तो थंडीच्या दिवसांत. लिंबे आणि ऑलिव्ह यांच्या बागा डोंगरउतारावर पसरलेल्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडमधील सधन माणसे हिवाळा काढण्यासाठी तेथे जाऊ लागली. नीस त्या काळी सार्डिनियाच्या राज्यात होते. ते फ्रान्सकडे गेले १८६० मध्ये. तेथील समुद्रकाठचा प्रसिद्ध रस्ता, इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता, १८२० नंतरच्या काही वर्षांत बांधला गेला. लुईस वे नावाच्या इंग्रज पाळकाने वर्गणी गोळा केली आणि कडाक्याच्या हिवाळ्याने रोजगार गमावलेल्या गरिबांना या रस्त्याच्या कामावर लावले, अशी त्याची कथा सांगतात. म्हणजे श्रीमंतांच्या सहलीचा रस्ता भुकेल्यांच्या हातांनी तयार झाला.

मेंतोंची कीर्ती एका आजारी डॉक्टरने वाढविली. जेम्स हेन्री बेनेट हे इंग्रज डॉक्टर क्षयाने खंगून १८५९ मध्ये तेथे आले. तेथे त्यांची प्रकृती सुधारली, आणि मग त्यांनी तेथील हवेविषयी पुस्तक लिहिले. ते वाचून युरोपभरातून क्षयरोगी तेथे लोटले. काही बरे झाले. पुष्कळ जण तेथील टेकडीवरच्या दफनभूमीत विसावले. त्या निळ्याशार समुद्राच्या चित्रांत ही थडगी सहसा दिसत नाहीत.

नीसमध्ये तो रस्ता बांधला जात होता, त्याच दशकात सह्याद्रीच्या माथ्यावरही इंग्रजांचे पाऊल पडले. तिकडे थंडीपासून पळून ऊब शोधावयाची होती. इकडे उन्हापासून पळून गारवा शोधावयाचा होता.

माल्कमपेठ

साताऱ्याच्या छावणीतील अधिकारी पीटर लॉडविक १८२४ मध्ये या डोंगरावर चढले आणि येथील हवेची वार्ता त्यांनी खाली नेली. साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनी येथे बंगला बांधला आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून वर येणारा रस्ता करविला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम १८२८ मध्ये येथे आले आणि त्यांनी हे ठिकाण आरोग्यस्थान करण्याचा निश्चय केला. १६ मे १८२९ रोजी महाराजांशी करार होऊन या भूमीच्या बदल्यात इंग्रजांनी वाई भागातील खंडाळा हे गाव दिले. नव्या वसाहतीला माल्कमपेठ हे नाव पडले. ज्या महाराजांनी ही भूमी दिली त्यांना इंग्रजांनी पुढे दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, पदच्युत करून काशीस पाठविले. तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी त्यांचे राज्यही खालसा झाले. महाराजांच्या मागे गादीवर आलेल्या त्यांच्या बंधूंनी, आप्पासाहेब महाराजांनी, १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधला. आपण आज तेथे नाव वल्हवितो तेव्हा या घटना कोणाच्या ध्यानीमनीही नसतात.

यानंतर मुंबई सरकारचा कारभार दर उन्हाळ्यात येथे येऊ लागला. मुंबईहून होडीने सावित्रीच्या खाडीत यावयाचे आणि महाडच्या बाजूने घाट चढावयाचा, अशी एक वाट होती. पुढे १८८० च्या दशकात पुणे-मिरज रेल्वे झाली आणि वाठार स्थानकावर उतरून टांग्याने वर जाण्याची सोय झाली. जूनच्या मध्यावर पहिला मुसळधार पाऊस कोसळला, की साहेब मंडळी खाली उतरत. मागे राहिलेले लोक घरांच्या भिंतींना गवताचे तट्टे बांधीत आणि चार महिने धुक्यात काढीत. ते कोण होते, हे आता पाहू.

नावे नसलेले हात

महाबळेश्वरच्या वाटांवरून, भाजीच्या मळ्यांवरून चालताना ज्यांचे स्मरण व्हावयास हवे असे काही लोक आहेत. त्यांतले पहिले चिनी कैदी. इंग्रजांच्या ताब्यातील सिंगापूर-मलाक्का भागात शिक्षा झालेल्या चिनी व मलायी कैद्यांना हजारो मैलांवरून येथे आणले जाई. त्यांच्यासाठी १८३४ मध्ये उभारलेला तुरुंग १८६४ पर्यंत चालू होता. या कैद्यांनी रस्ते बांधले, बटाटे आणि इतर विलायती भाज्या पिकविल्या, आणि वेताचे विणकाम येथील लोकांना शिकविले. सुटका झाल्यावर त्यांतले काही येथेच स्थायिक झाले. ‘चायनामन’ या नावाचा धबधबा आजही पर्यटकांना दाखवितात. त्यांच्यापैकी कोणाचेही वैयक्तिक नाव मात्र एखाद्या पॉइंटला मिळाले नाही. घरापासून एवढ्या दूर, अनोळखी भाषेत, ढगांनी वेढलेल्या डोंगरावर त्यांनी आपला बंदिवास कसा कंठला असेल? बाबिलोनच्या नद्यांकाठी बसून स्वदेश आठवणाऱ्या इस्राएल लोकांची व्यथा आपण प्रार्थनेत उच्चारतो. ती येथे वेण्णेच्या काठी कोणीतरी भोगली आहे.

दुसरे धावड. या डोंगरातील जांभ्या दगडातून लोखंड गाळणारा हा मुसलमान समाज इंग्रज येण्यापूर्वीपासून येथे राहत होता. भट्टीसाठी त्यांना कोळसा लागे आणि कोळशासाठी झाडे. आरोग्यस्थानाची वनराई राखावयाची म्हणून लाकूडतोडीवर निर्बंध आले आणि त्यांचा पिढीजात व्यवसाय बुडाला. वने राखली हे बरेच झाले, पण त्याची किंमत कोणी मोजली, याची नोंद राहावयास हवी.

तिसरे आपलेच बांधव. साहेबांच्या बिऱ्हाडांबरोबर स्वयंपाकी, बटलर, आया आणि वाजंत्री म्हणून अनेक गोमंतकीय कॅथलिक माणसे थंड हवेच्या ठिकाणी जात. घरची माणसे गोव्यात, आणि हे वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या सुट्टीत राबत. महाबळेश्वरच्या होली क्रॉस चर्चमध्ये मिस्सेला बसल्यावर हे पूर्वज मनात येतात. गव्हर्नरांच्या मेजवानीचा रस्सा ढवळून, मध्यरात्री भांडी आवरून, रविवारी पहाटे क्रूसापुढे गुडघे टेकणारी ती माणसे होती.

पाचगणी

महाबळेश्वरची हवा वर्षातील चार महिने राहण्याजोगी नसते. पाऊस तुलनेने कमी आणि हवा वर्षभर समशीतोष्ण असे ठिकाण इंग्रजांना हवे होते. कृष्णेच्या खोऱ्यावर झुकलेल्या पाचगणीच्या पठारावर, सुमारे १,३०० मीटर उंचीवर, ते सापडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉन चेसन यांनी येथे वस्ती केली आणि दांडेघर, गोडवली, अंब्रळ, खिंगर व तायघाट या पाच गावांच्या मधोमध हे गाव आकारास आले. सिल्व्हर ओकची जी उंच झाडे आज पाचगणीची ओळख बनली आहेत, ती मूळची ऑस्ट्रेलियाची असून त्या काळात येथे लावली गेली. चेसन येथेच वारले आणि येथील सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्यांना मूठमाती मिळाली. लॉडविक यांचा शेवट मात्र दूर झाला. १८७३ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, फ्रान्सच्या दक्षिणेस पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी बान्येर-द-बिगोर येथे ते निवर्तले. तेही आरोग्यासाठी माणसे जेथे जातात असे उष्ण झऱ्यांचे गाव. त्यांचा स्मारकस्तंभ त्यांच्या मुलाने महाबळेश्वरी उभारला.

हवेबरोबर शाळा आल्या. १८९५ मध्ये डॉटर्स ऑफ द क्रॉस या संघाच्या धर्मभगिनींनी पाचगणीत सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट सुरू केले. या संघाची स्थापना बेल्जियममधील लिएज शहरात १८३३ मध्ये मदर मारी तेरेज हाझ यांनी केली. पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ मध्ये त्यांना ‘धन्य’ म्हणून घोषित केले. १८६२ मध्ये या भगिनी कराचीस उतरल्या आणि तेथून मुंबई इलाख्यात पसरल्या. पुणे धर्मप्रांत स्थापन होऊन (१८८६) त्या वेळी अवघी नऊ वर्षे झाली होती. आपला देश, भाषा आणि आप्त कायमचे मागे सोडून आलेल्या या स्त्रियांना पाचगणीची हवा सुट्टीपुरती नको होती. त्या येथे आयुष्य वाहावयास आल्या होत्या. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलींपासून आरंभ झालेल्या अशा शाळांची दारे पुढे सर्व धर्मांच्या भारतीय मुलींना उघडली. हे सारे एका दिवसात झाले नाही, आणि आजही उंच फीच्या निवासी शाळांत गरिबाच्या मुलीला कितीशी जागा असते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

रोग्यांचा डोंगर

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. कारण कळले, पण औषध मिळावयास आणखी साठ वर्षे लागावयाची होती. स्ट्रेप्टोमायसीन सापडले ते १९४३ मध्ये. मधल्या काळात मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढीच चिकित्सा होती. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया या पारशी डॉक्टरांनी १९१२ मध्ये पाचगणीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. तेच पुढे बेल-एअर या नावाने प्रसिद्धी पावले. उघड्या व्हरांड्यांत ओळीने मांडलेल्या खाटा, खाली कृष्णेचे खोरे आणि दर पंधरवड्याला वजनकाट्यावर पाहावयाचे आपले भवितव्य, असे तेथील रोग्याचे जिणे असे.

कृष्णेच्याच काठाने खाली सांगलीकडे आले, की तेथेही हा लढा चालू होता. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले आणि १९२० मध्ये सांगली-मिरजेच्या दरम्यान माळरानावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. ते ठिकाण आज वॉनलेसवाडी म्हणून ओळखले जाते. तेथे ना दरी होती ना धुके. होती ती कोरडी हवा आणि कोणाचीही घृणा न करणारी माणसे. पाचगणीचा खर्च न झेपणाऱ्या सामान्य रोग्याला असे माळरान अधिक जवळचे वाटले असेल. ते आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते. परंतु ज्यांच्या हातून प्रभूचे काम घडले, त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगताना पंथाची चौकशी करण्याचे कारण नाही.

औषधे आल्यावर हवेचे महत्त्व ओसरले आणि जगभर आरोग्यधामांची हॉटेले होऊ लागली. बेल-एअर मात्र रुग्णालयच राहिले. ते भारतीय रेडक्रॉसकडे आले, आणि १९९० च्या दशकात त्याच्या कारभाराची धुरा केरळातील मिशनरी काँग्रिगेशन ऑफ द ब्लेस्ड सॅक्रामेंट या संघाच्या धर्मगुरूंनी उचलली. एचआयव्ही हा शब्द उच्चारताच रोग्याला घराबाहेर काढले जाई, असे ते दिवस होते. अशा रोग्यांना पाचगणीच्या त्याच पठारावर खाट मिळाली. एके काळी क्षयाला भिऊन दूर सारलेल्यांना जेथे जागा होती, तेथेच ऐंशी वर्षांनी नव्या भीतीने दूर सारलेल्यांना जागा मिळाली. या डोंगराच्या इतिहासातील हे पान मला त्याच्या कोणत्याही पॉइंटपेक्षा मोठे वाटते.

पाणी खाली उतरते

हवा डोंगरावरच राहते, पाणी मात्र खाली उतरते. महाबळेश्वरच्या माथ्यावर जे घडते ते कऱ्हाडच्या कृष्णा-कोयना संगमावरून सांगलीपर्यंत येऊन पोहोचते. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत सांगलीकरांनी हे अनुभवले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते, आणि तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला, म्हणजे आटपाडी-जत भागाच्या वर्षभराच्या पावसाहून अधिक. त्याच पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून अख्खी घरे गाडली गेली. दुसऱ्या बाजूस टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचेच पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांकडे नेले जाते. महापूर आणि तहान ही दोन्ही एकाच उगमाची लेकरे आहेत.

महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर केंद्र सरकारने जानेवारी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. जवळचे कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेले. भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले, मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव झाले, आणि येथील स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हा सारा वारसा येथील कष्टकऱ्यांचा आहे. तो टिकावयाचा, तर झाडे तोडून आणि उतार कापून आणखी खोल्या बांधण्याचा हव्यास आवरला पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीची हाक आणि गरिबांची हाक वेगळी ऐकता येत नाही, या अर्थाचे मांडले आहे. त्याचा अर्थ समजावयास सातारा-सांगलीकरांना दूर जावे लागत नाही. डोंगरावर घातलेल्या घावाचे पाणी खाली गरिबाच्या उंबरठ्यात शिरते.

सुट्टी घेऊ नये, असे सांगण्याचा येथे हेतू नाही. थकलेल्या शिष्यांना प्रभूने स्वतः एकांत स्थळी विसाव्यासाठी नेले होते. परंतु शुभवर्तमानातील बेथेस्दा तळ्याची कथा येथे आठवते. बरे करणारे पाणी समोर होते, पण अडतीस वर्षे खिळून पडलेल्या त्या माणसाला तळ्यात सोडणारा कोणी नव्हता. उपाय असणे आणि तो गरजूच्या वाट्यास येणे, यांत केवढे अंतर आहे! महाबळेश्वर-पाचगणीच्या इतिहासात हे अंतर काही माणसांनी आपल्या परीने कमी केले.

तेव्हा पुढच्या मे महिन्यात डोंगर चढताना मुलांना पॉइंटांच्या नावांबरोबर ही माणसेही सांगावीत. चिनी कैद्यांसाठी आणि गोव्याच्या त्या स्वयंपाक्यांसाठी होली क्रॉस चर्चमध्ये क्षणभर प्रार्थना करावी. परतताना पाचगणीच्या रुग्णालयावरून जावे लागते. आत कोणी ओळखीचे नसले, तरी तेथे दहा मिनिटे थांबून एखाद्या रोग्याची विचारपूस करता येईल का, एवढे विचारून पाहावे. आपल्या हवापालटात त्याचाही थोडा वाटा असू द्यावा.